एसीएल तुटलं, आता ऑपरेशन की व्यायाम? अभ्यास काय म्हणतात

बाळू_मिरजकर

एसीएल (गुडघ्याच्या आतली, मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लिगामेंट) तुटल्याचा एमआरआय हातात आला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोराचं वय आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कशाला कापाकापी, अमक्याचा गुडघा नुसत्या व्यायामाने बरा झाला. भाच्याच्या गुडघ्यावरून आमच्याकडे सध्या हेच चाललंय. वय १९, कबड्डीत चढाई करतो. मॅटवर बोनस घेऊन वळताना, कोणी धरलेलंही नसताना, गुडघा आत मुडपला. दोन सर्जनना दाखवलं, दोघांची मतं दोन. म्हटलं प्रत्यक्ष रुग्णांवर झालेले अभ्यासच वाचू. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. आकड्यांची भीती वाटत नाही एवढंच भांडवल.

सगळे ज्याचं नाव घेतात तो स्वीडनमधला 'कॅनन' अभ्यास. १८ ते ३५ वयाचे १२१ जण, सगळ्यांचं एसीएल नुकतंच तुटलेलं. सोडत काढून दोन गट केले. ६२ जणांचं लवकर ऑपरेशन आणि त्यानंतर व्यायाम. ५९ जणांना आधी फक्त व्यायाम, आणि गुडघा दगा देतच राहिला तर पुढे ऑपरेशनची मुभा. दोन वर्षांचा निकाल २०१० साली आला. दुखणं, सूज वगैरे लक्षणं, खेळ, जगण्याचा दर्जा यावर रुग्णांनी स्वतःच ० ते १०० मध्ये गुण द्यायचे होते. एका गटाचे गुण ३९.२ ने वाढले, दुसऱ्याचे ३९.४ ने. व्यायामाच्या गटातल्या ३६ जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. पाच वर्षांनी, २०१३ च्या निकालातही गटागटांत फरक नाही, एक्स-रेमधल्या झिजेतही नाही. मात्र तोपर्यंत त्या ५९ पैकी ३० जण टेबलावर जाऊन आले होते.

इथवर वाचून व्यायाम पक्ष खूश होतो आणि पुढचं वाचत नाही.

पुढचं असं. नेदरलँड्समधल्या 'कंपेअर' अभ्यासात (२०२१, १६७ रुग्ण) दोन वर्षांनी लवकर ऑपरेशन केलेला गट शंभरात ५.३ गुणांनी पुढे होता. एवढ्याशा फरकाने रुग्णाच्या आयुष्यात काय बदलतं हे स्पष्ट नाही, असं संशोधकांनीच म्हटलंय. इथेही व्यायाम गटातल्या निम्म्यांना ऑपरेशन लागलं नाही. आणि २०२२ चा ब्रिटनमधला 'स्नॅप' (३१६ रुग्ण, २९ हॉस्पिटलं) सरळ ऑपरेशनच्या बाजूने गेला. १८ महिन्यांनी ऑपरेशन गटाचे सरासरी गुण ७३, व्यायाम गटाचे ६४.६.

मग खरं कोण? माझ्या मते तिघंही. पहिल्या दोन अभ्यासांत दुखापत ताजी होती. ब्रिटनच्या अभ्यासातले लोक जुनं तुटलेलं एसीएल घेऊन आलेले, गुडघा अजूनही निसटणारे. म्हणजे ज्यांचं आपोआप निभावलं ते या अभ्यासात आलेच नाहीत. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

पण मला खुपतं ते वेगळंच. पहिल्या दोन्ही अभ्यासांत व्यायाम दोन्ही गटांना होता. 'ऑपरेशन विरुद्ध व्यायाम' अशी ती लढतच नव्हती. आणि तिथला व्यायाम म्हणजे देखरेखीखाली, ठरलेल्या टप्प्यांनी, महिनोन्महिने केलेला. आपल्याकडे डिस्चार्जच्या वेळी हातात पडतो तो झेरॉक्स कागद, सहा चित्रांचा. त्या कागदाच्या भरवशावर स्वीडनचा निकाल सांगलीला लावायचा का?

जाणकारांनी लिहावं.

तात्या_धावतो

उत्तम लेख, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न साधा आहे. डॉक्टर तर म्हणतात तुटलेलं एसीएल जुळतच नाही. मग ते ३६ जण चालत कसे होते?

ऑर्थो_रात्रपाळी

तात्या, दोन गोष्टी आहेत. एक, लिगामेंट नसतानाही मांडीचे स्नायू आणि त्यांचं टायमिंग गुडघा सांभाळू शकतात. सगळ्यांना जमत नाही, पण बऱ्याच जणांना जमतं. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. 'कॅनन'मधल्या रुग्णांचे एमआरआय नंतर पुन्हा तपासले, तो निबंध २०२२ मध्ये आला. नुसत्या व्यायामावर राहिलेल्या ३० पैकी १६ जणांमध्ये दोन वर्षांनी लिगामेंट जुळल्याच्या खुणा दिसल्या. आम्ही पुस्तकात शिकलो ते 'जुळत नाही', त्यामुळे यावर आमच्याकडे अजून भुवया उंचावतात. एमआरआयवर सलग दिसणारी दोरी ताणाखाली किती टिकते हा प्रश्न उरतोच.

बाळूदा, लेख चांगला आहे, पण एक भर घाला नाहीतर लोक चुकीचा अर्थ काढतील. थांबून बघणं सगळ्यांसाठी नाही. गुडघा अडकलाय, सरळच होत नाही, म्हणजे मेनिस्कसचा (लोक ज्याला गादी म्हणतात) फाटलेला तुकडा मध्ये आला असेल, तर तो लवकर शिवावा लागतो. एकापेक्षा जास्त लिगामेंट्स गेली असतील तर गणितच वेगळं. 'कॅनन'मध्ये व्यावसायिक खेळाडूही नव्हते. तुमचा भाचा जिल्हा पातळीवर, झटक्यात दिशा बदलणारा खेळ खेळणारा. आमच्या विभागात असा मुलगा आला आणि त्याला पुन्हा मॅटवरच जायचं असेल, तर आम्ही ऑपरेशनकडे झुकतो.

फिजिओताई_कोथरूड

झेरॉक्स कागदाबद्दल बाळूदांना दंडवत. मी रोज तेच बघते.

ऑपरेशन करा किंवा करू नका, पहिल्या काही आठवड्यांत मी दोनच गोष्टींच्या मागे असते. रुग्णाला उताणं झोपवून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि गुडघ्याची मागची बाजू खाली टेकते का बघते. मग सांगते, मांडी आवळा. गुडघ्याची वाटी वर सरकली पाहिजे. नुकत्याच दुखावलेल्या गुडघ्यात ती बहुतेकदा हलतच नाही, नुसती थरथरते. माणूस घाम येईस्तोवर जोर लावतो, पण सुजलेला सांधा त्या स्नायूला कामच करू देत नाही. आणि लोक विचारतात, ताई, सायकल कधी चालवू? अहो, आधी गुडघा पूर्ण सरळ होऊ दे. तो सरळ न होताच घाईने ऑपरेशन केलं तर नंतर आखडतो आणि मग मला शिव्या खाव्या लागतात.

खेळाकडे परतण्याबद्दल नॉर्वेतल्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास आहे, ऑपरेशन झालेल्या १०६ जणांचा. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झाला. मांडीची ताकद, एका पायावरच्या उड्या वगैरे चाचण्यांत पास न होताच परतले त्यांच्यात ३८.२ टक्के पुन्हा जखमी, पास होऊन परतले त्यांच्यात ५.६ टक्के. अभ्यास लहान आहे, मान्य. पण कतारमध्ये १५८ व्यावसायिक खेळाडूंवर झालेला त्याच वर्षीचा अभ्यासही तिकडेच बोट दाखवतो. निकष पूर्ण न करता गेलेल्यांचं ग्राफ्ट (ऑपरेशनमध्ये एसीएलच्या जागी बसवलेला पट्टा) तुटण्याचा धोका चौपट.

आता आपल्याकडे काय होतं? सहा महिने झाले की सर्जन म्हणतात 'ओके', कोच म्हणतात 'ये', आणि पोरगा जातो. उडी मारून कोणी बघितलेलं नसतं.

अवलिया_७७

सहा महिने, नऊ महिने... ऋषभ पंत आला की परत! पैसा असला की सगळं होतं.

बाळू_मिरजकर

अवलिया, पंतचंच उदाहरण घ्या. अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, मैदानावर परतला मार्च २०२४ मध्ये, आयपीएलला. म्हणजे जवळपास सव्वा वर्ष. पैसा, बंगळुरूची अकादमी, दिमतीला माणसं, सगळं असून एवढा वेळ लागला. आमच्या पोराला मंडळवाले सहा महिन्यांत गणपतीनंतरच्या स्पर्धेला उतरवायला निघालेत. पैशाचा मुद्दा तुमचा खरा आहे, पण तो पैसा त्याने थांबण्यासाठी वापरला.

शुभांगी_वाई

माझ्या मुलीचं (इयत्ता अकरावी, हँडबॉल) मागच्या वर्षी एसीएल गेलं. सासरे म्हणत होते आधी हाडवैद्याकडे नेऊ, मालिश करून बसवतो. नशीब नेलं नाही. पण माझी तक्रार दुसरीच आहे. मेडिक्लेममध्ये ऑपरेशन बसलं, हॉस्पिटलची खोली बसली. नंतरची फिजिओथेरपी? 'ओपीडी आहे मॅडम, कव्हर नाही.' म्हणजे ज्याने निकाल ठरतो असं वर सगळे लिहिताहेत, तोच खर्च खिशातून. मग बायका-माणसं चार वेळा जातात आणि सोडून देतात, त्यात त्यांचा काय दोष?

आणि ताई, मुलींना ही दुखापत जास्त होते हे खरं का?

फिजिओताई_कोथरूड

खरं आहे. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींमध्ये प्रमाण साधारण दोन ते तीन पट. कारणांवर वाद आहे: गुडघ्याची ठेवण, हार्मोन्स, उडी मारून उतरताना गुडघे आत पडणं, आणि मला सर्वात पटणारं म्हणजे मुलींना ताकदीचा व्यायाम कोणी शिकवतच नाही. पण यातच चांगली बातमीही आहे. सरावाआधी १५-२० मिनिटं उडी, उतरणं, वळणं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम घेतले तर एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात असं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलंय. फुटबॉलवाल्यांचा 'फिफा ११ प्लस' हा त्यातला प्रसिद्ध. याला यंत्र लागत नाही, ग्राउंड लागतं आणि पीटीच्या सरांची इच्छा.

जुनी_खोखोपटू

मी बोलू का, मी यातून गेलेली आहे. ऑपरेशन छान झालं, फिजिओही केली, ताकद आली. सरावाला गेले तर पळता येत होतं, बसता-उठता येत होतं. पण खांबाला हात टाकून वळायचं म्हटलं की पाय आपोआप हळू पडायचा. डोक्यात काही विचार नसायचा, पायच ऐकायचा नाही. चार पावलं आधीपासूनच वेग कमी. बाकीच्या म्हणायच्या, घाबरते. ते ऐकून जास्त राग यायचा.

ऑर्थो_रात्रपाळी

हे फार मोलाचं लिहिलंत. यावरही बरंच संशोधन झालंय. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतलेले दिसले, पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्केच. गुडघा तपासला तर ठीक असतो, पण माणूस परतलेला नसतो. आता मनाची तयारी मोजायला १२ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात: भीती वाटते का, गुडघ्यावर भरवसा आहे का, असे प्रश्न. आमच्या ओपीडीत ती कोणी भरून घेताना मी पाहिलेलं नाही. रांग बघता घेणारही नाहीत.

रील_बघणारा

ऑस्ट्रेलियात गुडघा ब्रेसमध्ये (पायाला बांधायच्या कडक पट्ट्यात) ९० अंशात बांधून ठेवतात आणि ९०% लोकांचं एसीएल जुळतं. ऑपरेशनची गरजच नाही. भारतात मुद्दाम सांगत नाहीत, धंदा बुडेल म्हणून.

बाळू_मिरजकर

तो अभ्यासही वाचला, २०२३ चा. ८० रुग्ण, सगळे दुखापतीनंतर चार आठवड्यांच्या आत आलेले. गुडघा चार आठवडे ९० अंशात कुलूपबंद, मग हळूहळू सरळ करत बाराव्या आठवड्याला ब्रेस काढायचा. तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये ९० टक्के लोकांत जुळल्याच्या खुणा होत्या हे खरं. पण रीलमध्ये पुढचं कापलेलं असतं. तुलनेला दुसरा गटच नव्हता, सोडत नव्हती. ११ जणांचं पुन्हा तुटलं. आणि इतके दिवस पाय वाकवून ठेवला की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो म्हणून रक्त पातळ करायची औषधं चालू ठेवावी लागतात. यूट्यूब बघून घरी ब्रेस बांधणाऱ्याने हे वाचावं. धंद्याचं म्हणाल, तर ब्रेस विकणाराही धंदाच करतो.

ऑर्थो_रात्रपाळी

+१. कल्पना मला आवडलेली आहे. सोडत काढून, दोन गट करून चाचणी झाली की बोलू. तोवर प्रत्येकाला बांधत सुटणं बरं नाही.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये राहतो म्हणून लिहितो. पाच-अ-साईड फुटबॉल खेळताना पडलो. इमर्जन्सीत एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, 'स्प्रेन' आहे, घरी जा. फिजिओची तारीख लांबची, एमआरआयची त्याहून लांब. तोवर गुडघा जिन्यावर, ट्रेनमधून उतरताना दगा देत होता. स्नॅपमधले जुन्या दुखापतीचे रुग्ण कुठून आले असतील हे मला वेगळं सांगायला नको.

त्या अभ्यासात व्यायाम गटातल्या ४१ टक्के लोकांनी १८ महिन्यांत शेवटी ऑपरेशन करून घेतलं. आणि ऑपरेशन गटातल्या २८ टक्के लोकांनी केलंच नाही! बाळू, तू दिलेले सरासरी गुण हे मूळ सोडतीप्रमाणे मोजलेले आहेत, म्हणजे व्यायाम गटाच्या गुणांत ऑपरेशन झालेलेही आहेत.

बाकी सगळ्यांना एक सांगणं. दुखापतीच्या वेळी 'कट्' असा आवाज आणि दोन-चार तासांत गच्च सूज, एवढं असलं तर एक्स-रे चांगला आला म्हणून घरी बसू नका. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही.

गावाकडचा_मास्तर

हे सगळे अभ्यास थंड देशातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचे. आमच्याकडे माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, शेतात वाकतो. त्याच्या गुडघ्याचं काय? सरळ सांगा, ऑपरेशननंतर मांडी घालता येते का?

ऑर्थो_रात्रपाळी

मास्तर, आक्षेप रास्त आहे, आपल्या लोकांवरचे असे मोठे अभ्यास हवेतच. त्या गुणांमध्ये उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं याबद्दल प्रश्न असतात, पण ते खेळ आणि करमणुकीच्या भागात! तिकडे ती करमणूक, आपल्याकडे संडास.

मांडी बहुतेकांना घालता येते, वेळ लागतो. यात ग्राफ्ट कुठून घेतलं यानेही फरक पडतो. वाटीखालच्या पट्ट्यातून घेतलं तर नंतर गुडघे टेकून बसताना दुखण्याचं प्रमाण जास्त. पूजा, नमाज, फरशी पुसणं, शेतातली खुरपणी हे रोजचं असेल तर सर्जनला आधीच सांगा. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगमधून घेतलं तर तो त्रास कमी, पण गुडघा खूप वाकवून जोर लावताना ताकद थोडी कमी पडू शकते. आणि तरुण, उड्या-वळणांच्या खेळातल्या मुलांत हॅमस्ट्रिंगचं ग्राफ्ट तुटण्याची चिंता जरा जास्त. त्यावर एक चांगला अभ्यास २०२० मध्ये आला, १४ ते २५ वयाचे ६१८ जण. काहींना नुसतं हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, काहींना त्यासोबत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा आधारपट्टी. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटलं पहिल्यांत ११ टक्के, दुसऱ्यांत ४ टक्के. बाळूदा, भाच्याच्या सर्जनला हे जरूर विचारा. विचारलं म्हणून कोणी चिडत असेल तर दुसरा सर्जन बघा.

बाळू_मिरजकर

लीड्सकर, दुरुस्ती लाखमोलाची. लेखात भर घालतो.

डॉक्टर, मास्तरांचा प्रश्न आमच्या आईचाही होता, छापून दाखवतो तिला. आधारपट्टीचं विचारीन. भाच्याला अजून एक आकडा दाखवलाय. खेळाकडे परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंत २३ टक्के जणांचं एसीएल पुन्हा जातं, त्याच नाहीतर दुसऱ्या गुडघ्याचं. २०१६ चा आढावा आहे. तो म्हणाला, 'म्हणजे ७७ टक्क्यांचं नाही जात.' कबड्डीवाला आहे, काय बोलणार.

सध्या ठरलंय असं: मेनिस्कस शाबूत आहे, गुडघा अडकत नाही, तेव्हा घाई नाही. आधी फिजिओ, सूज पूर्ण उतरवायची, गुडघा सरळ, मांडी भरायची. मग तो आणि सर्जन मिळून ठरवतील. मंडळाला यंदा तो नाही म्हणून कळवलंय. अध्यक्ष नाराज आहेत, राहू देत.

तात्या_धावतो

फिजिओताई, शेवटचं विचारतो. मिरज-सांगलीकडे ताकद मोजायची ती महागडी यंत्रं सगळीकडे नसतील. टेपने मांडीचा घेर मोजला तर चालेल का? दोन्ही पाय सारखे झाले की खेळायला मोकळा?

फिजिओताई_कोथरूड

टेप घरी ठेवायला हरकत नाही. वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि दर वेळी तिथेच मोजा. पण घेर म्हणजे ताकद नव्हे. घेर सारखा होऊनही ताकद बरीच मागे असलेले रुग्ण मी बघते. त्यापेक्षा जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं) साधं मशीन शोधा. एका पायाने किती वजन किती वेळा उचललं ते वहीत लिहा, मग दुसऱ्या पायाने. ऑपरेशन झालं असेल तर हे मशीन कधी आणि किती अंशांत वापरायचं ते आधी आपल्या फिजिओला विचारा. एका पायावर लांब उडी आणि सलग तीन उड्या फरशीवर खडूने रेघ मारून मोजता येतात, उतरल्यावर तोल सांभाळून उभं राहिलं तरच धरायची.

एक फसगत मात्र टाळा. आपण दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करतो, पण इतके महिने बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो. मग 'नव्वद टक्के झालं' हे दिसायला छान दिसतं. म्हणून भाच्याच्या धड पायाचे आकडे आत्ताच, सूज उतरली की लगेच घेऊन ठेवा. तो पाय अजून ताकदीत आहे तोवर.